लाइन क्लिअर आहे का?

आमच्या नागभीडात हा प्रश्न कोणीही कोणालाही विचारतो. सोयरिकीची बोलणी सुरू असली की मुलाचा मामा हळूच विचारतो, "काय, लाइन क्लिअर?" म्हणजे मुलीकडच्यांचा होकार आला का. साहेब मोकळे आहेत का हे शिपायाला विचारायचं असलं तरी हेच. पोट्ट्यांना सिनेमाला जायचं असलं, आणि वडील घरी नाहीत ना याची खात्री करायची असली, तरी हेच! शब्द इतका अंगवळणी पडला आहे की तो मुळात दोन स्टेशनांमधला प्रश्न आहे, त्याला ठरलेलं उत्तर आहे, आणि ते उत्तर कसं द्यायचं हे ठरण्याआधी माणसं मेलेली आहेत, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

मी या विषयाकडे वळलो तो माझ्या पुतणीमुळे. ती पुण्याला संगणकाच्या क्षेत्रात आहे. तिचं काम काय, हे मी तिला दर दिवाळीत विचारतो आणि दर दिवाळीत ती मला नव्याने समजावते. या वेळी मात्र डोक्यात प्रकाश पडला. ती एक अवजार बनवते आहे. दुसऱ्या प्रोग्राममधल्या चुका शोधणारं अवजार. त्याला डीबगर म्हणतात. चालता प्रोग्राम मध्येच थांबवायचा, त्याच्या पोटात काय काय आहे ते पाहायचं, एक पाऊल पुढे टाकायला लावायचं, पुन्हा पाहायचं. वैद्य नाडी धरतो तसं. फरक इतकाच की रोगी असतो एका यंत्रावर आणि वैद्य दुसऱ्या. मध्ये तार. विचारणाऱ्या बाजूला म्हणायचं क्लायंट आणि उत्तर देणाऱ्या बाजूला सर्व्हर. (क्लायंटला मराठीत अशील म्हणावं तर कोर्टकचेरी आठवते, आणि सर्व्हरला सेवक म्हणावं तर तो सेवक सहसा मालकापेक्षा धिप्पाड असतो. म्हणून इंग्रजी शब्दच ठेवतो.)

ती म्हणाली, "मोठेबाबा, अवजार लिहिणं एक वेळ सोपं आहे हो. त्या दोघांनी एकमेकांशी बोलायचं कसं, हे ठरवणं कठीण."

या बोलण्याच्या ठरलेल्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात. आपल्याला हा शब्द माहीत आहे तो राजशिष्टाचार म्हणून. मंत्रिमहोदय आले की कोण पुढे, कोण मागे, हार आधी कोणी घालायचा. शब्द मूळचा ग्रीक. पपायरसच्या गुंडाळीला चिकटवलेलं पहिलं पान म्हणजे 'प्रोटोकोलॉन'. तिथून तो दस्तऐवजाकडे, तिथून दरबाराकडे आणि तिथून संगणकात गेला. पुतणी बोलत होती आणि मला सारखं आमचं स्टेशन दिसत होतं. कारण ती जे जे अडचण म्हणून सांगत होती, ते ते रेल्वेने दीडशे वर्षांपूर्वी भोगलेलं आहे.

नागभीड हे जंक्शन. बाहेरच्या नातेवाइकांसाठी सांगतो, आमच्या स्टेशनातून तीन वाटा फुटतात. एक ब्रह्मपुरी, वडसा करत गोंदियाकडे. दुसरी सिंदेवाही, राजोली, मूल करत चांदा फोर्टकडे आणि पुढे बल्लारपूरकडे. तिसरी भिवापूर, उमरेडवरून नागपूरच्या इतवारीकडे. तिन्ही बंगाल नागपूर रेल्वेने गेल्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टाकल्या, आणि तिन्ही नॅरोगेज, म्हणजे दोन रुळांत अडीच फुटांचं अंतर. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, नाहीतर सरळ जंगल. गोंदिया-चांदा फोर्ट ही वाट १९९० नंतरच्या दशकात मोठ्या रुळांची झाली. नागपूरची छोटी गाडी मात्र नोव्हेंबर २०१९ पर्यंत चालली आणि मग रुंदीकरणासाठी बंद केली गेली. मालकांची नावं बदलत गेली. बंगाल नागपूर रेल्वे, मग १९५२ पासून पूर्व रेल्वे, १९५५ पासून दक्षिण पूर्व रेल्वे, आणि २००३ पासून दक्षिण पूर्व मध्य रेल्वे. गाडीची वाट मात्र एकेरीच होती. म्हणजे जाणारी गाडी आणि येणारी गाडी एकाच रुळावरून.

सगळा खेळ या एका गोष्टीत आहे.

दुहेरी मार्गावर मागून येऊन धडकण्याची भीती असते. एकेरी मार्गावर समोरासमोरची. आपलं स्टेशन आणि पुढचं स्टेशन यांच्यामधला जो तुकडा, त्यात एका वेळी एकच गाडी असली पाहिजे. पण आपल्या स्टेशनात बसून पुढच्या स्टेशनात काय चाललंय हे दिसत नाही. मध्ये आठ-दहा किलोमीटर सागाचं रान. म्हणजे दोन माणसं, एकमेकांना न दिसणारी, आणि दोघांनी मिळून एका गोष्टीवर एकमत करायचं की आत्ता हा तुकडा कोणाचा.

सर्वांत जुना उपाय अगदी खेडवळ आहे. एक काठी. त्या तुकड्याच्या नावाची एकच काठी, आणि ज्याच्या हातात काठी त्यानेच त्या तुकड्यात गाडी न्यायची. काठी एकच, म्हणून गाडीही एकच. मी शाळेत पाचवीच्या वर्गाला हेच केलं होतं. पाणी प्यायला जायला एक लाकडी पट्टी. पट्टी हातात असेल तोच पोरगा बाहेर. तहान लागलेले इतर पट्टीकडे डोळे लावून बसत. पण या उपायाची खोट तुम्हालाही कळली असेल. गाडी काठी घेऊन पलीकडे गेली, आणि अलीकडून पुन्हा दुसरी गाडी सोडायची आहे. काठी तर पलीकडे! मग माणूस पाठवून काठी परत आणा.

तार आल्यावर लोकांना वाटलं, सुटलो. काठी कशाला, तारेवर विचारू. १८५० नंतरच्या काळात रेल्वे आणि तार हातात हात घालूनच पसरल्या, आपल्याकडेही. पण तारेवर विचारणं आणि काठी हातात असणं यात जो फरक आहे, तो कळायला १० सप्टेंबर १८७४ ची रात्र यावी लागली.

इंग्लंडात नॉरविच नावाचं शहर आहे. त्याच्यापासून ब्रंडल नावाच्या स्टेशनापर्यंत एकेरी रूळ. लंडनहून आलेली एक्सप्रेस नॉरविचहून तिकडे जायची होती, तिला उशीर झाला होता. ब्रंडलला यारमथहून आलेली मेल उभी होती, तिला इकडे यायचं होतं. कोणी आधी जायचं? नॉरविचचा रात्रपाळीचा निरीक्षक तारबाबूशी बोलला की मेलला येऊ द्यावं असा निरोप द्यायचा आहे. नियम असा होता की निरोपाच्या कागदावर निरीक्षकाची सही झाल्याशिवाय तार ठोकायची नाही. सही झालेली नव्हती. तार गेली. निरीक्षकाच्या नावानेच गेली. तेवढ्यात एक्सप्रेस स्टेशनात आली आणि निरीक्षकाने तिला पुढे सोडली, कारण त्याच्या हिशोबाने त्याने सही केलेली नव्हती, म्हणजे निरोप गेलेला नव्हता. लक्षात आल्यावर ब्रंडलला तार केली, मेल थांबवा. उत्तर आलं, मेल निघून गेली.

थॉर्प गावाजवळ दोन्ही गाड्या समोरासमोर आदळल्या. अंधार, वरून पाऊस. २५ माणसं गेली, ७५ जखमी झाली. निरीक्षकाला आठ महिन्यांची शिक्षा झाली. तारबाबू सुटला.

या घटनेत मला सगळ्यांत भयंकर काय वाटतं सांगू? गाड्या निघाल्यानंतर तार पोहोचवण्यासाठी लागलेली ती पाच-दहा मिनिटं. त्या खोलीतल्या माणसांना माहीत आहे की काय होणार आहे, आणि करता काहीच येत नाही. तेव्हा गाडीशी बोलायला साधन नव्हतं. आणि दुसरं असं की कोणतंही यंत्र बिघडलेलं नव्हतं. तार नीट पोहोचली, अक्षर न् अक्षर नीट पोहोचलं. चुकली ती बोलण्याची रीत. 'निरोप तयार आहे' आणि 'निरोप गेला' या दोन अवस्था, आणि दोन माणसांच्या डोक्यात दोन वेगळ्या. पुतणीला ही गोष्ट सांगितली तेव्हा ती एकदम गप्प झाली आणि म्हणाली, आमच्याकडे रोज हेच होतं, फक्त कोणी मरत नाही. मग थोडं थांबून म्हणाली, बहुतेक वेळा.

चार वर्षांनी, १८७८ मध्ये, एडवर्ड टायर नावाच्या इंग्रज गृहस्थाने यावर यंत्र काढलं. त्याने काठी आणि तार यांचं लग्न लावलं. दोन्ही स्टेशनांत एकेक पेटी, दोन्ही पेट्या तारेने जोडलेल्या. प्रत्येक पेटीत बऱ्याच चकत्या. पण दोन्ही पेट्या मिळून एका वेळी एकच चकती बाहेर निघते, आणि तीही पलीकडच्या माणसाने त्याच्या पेटीवरून संमती दिली तरच. ती चकती कोणत्याही एका पेटीत परत जाईपर्यंत दुसरी निघत नाही. झालं! आता काठी परत आणायला माणूस नको, आणि सहीची भानगडही नको. चकती ड्रायव्हरच्या हातात आहे म्हणजेच संमती मिळालेली आहे.

भारतात या जातीचं जे यंत्र पसरलं त्याला नील्स बॉल टोकन म्हणतात. चकतीच्या जागी लोखंडी गोळा, त्यावर त्या तुकड्याच्या दोन स्टेशनांची नावं. गोळा चामडी पाकिटात, पाकीट वेताच्या मोठ्या कड्याला बांधलेलं. ज्या मार्गांवर ही यंत्रं नव्हती तिथे तारेने किंवा फोनने संमती घेऊन कागदी 'लाइन क्लिअर' लिहून देत. ते वेताचं कडं आमच्या पिढीच्या सगळ्यांना आठवेल. गाडी सावकाश फलाटातून सरकते आहे, ड्रायव्हर हात बाहेर काढून कडं खांद्यापर्यंत अडकवून घेतो आणि मागचं खाली टाकतो. आम्ही पोरं म्हणायचो की हा खेळ मास्तर आणि ड्रायव्हर आमच्यासाठीच करतात.

आमच्या शेजारच्या आळीत रेल्वेतले एक निवृत्त स्टेशन मास्तर राहतात. (ते मला गुरुजी म्हणतात, मी त्यांना मास्तरसाहेब. गावात मास्तर म्हटलं की कोणता, हे विचारावं लागू नये म्हणून झालेली ही तडजोड.) त्यांना मी विचारलं की फोनवर नुसतं "हो, सोडा गाडी" म्हटलं तर चालत नाही का? ते असे हसले, जसा मी एखाद्या पोराने सात सक्कं सत्तेचाळीस म्हटल्यावर हसतो.

मग त्यांनी घंटांची भाषा सांगितली. यंत्रावर ठोके असतात. एक ठोका म्हणजे लक्ष द्या, फोनवर या. दोन म्हणजे लाइन क्लिअर आहे का. तीन म्हणजे गाडी तुमच्या तुकड्यात शिरली. चार म्हणजे गाडी पूर्ण पोहोचली. आणि प्रत्येक वेळी पलीकडच्याने तेवढेच ठोके परत वाजवायचे. तुम्ही दोन दिले आणि तिकडून एकच आला, तर तुमचं बोलणं पोहोचलंच नाही असं धरायचं. काहीच आलं नाही, तरीही नाहीच. मास्तरसाहेब म्हणाले, "गुरुजी, घरी बायको गप्प बसली की आपण होकार समजतो नं, तसं इथे चालत नाही." (हे वाक्य घरच्यांनी वाचू नये.)

शिवाय खासगी नंबर. प्रत्येक स्टेशनाकडे दोन आकडी संख्यांचा एक तक्ता असतो, संख्या कशाही क्रमाने लावलेल्या. संमती देताना तक्त्यातली पुढची संख्या सांगायची, ऐकणाऱ्याने ती नोंदवून घ्यायची, आणि सांगणाऱ्याने ती तक्त्यात खोडायची. पुन्हा वापरायची नाही. कशासाठी? अंदाजाने कोणी "हो म्हणाले होते" असं लिहू नये म्हणून. आणि मघाच्या गाडीसाठी मिळालेला होकार आत्ताच्या गाडीला चिकटू नये म्हणून. मला ही युक्ती फारच आवडली. प्रत्येक उत्तर त्याच्याच प्रश्नाला बांधलेलं.

आणि गाडी 'पूर्ण' पोहोचली म्हणजे काय? शेवटच्या डब्यामागे इंग्रजी 'एल' आणि 'व्ही' अशी दोन अक्षरांची पाटी असते, रात्री लाल दिवा. ती पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय चार ठोके द्यायचे नाहीत. कारण गाडी आली, पण तिचे मागचे दोन डबे तुटून रानातच राहिले असतील तर? इंजिन आलं म्हणजे गाडी आली असं रेल्वे मानत नाही.

नागभीडच्या मास्तरला हे सगळं तीन दिशांनी सांभाळायचं. गोंदियाकडचा तुकडा वेगळा, चांद्याकडचा वेगळा, नागपूरकडचा वेगळा. तीन बोलणी एकाच टेबलावर, एकीचा होकार दुसरीच्या गाडीला देऊन चालणार नाही. टोकन यंत्रांतही ही काळजी आहे. शेजारशेजारच्या तुकड्यांचे गोळे वेगळ्या घडणीचे, एकाचा गोळा दुसऱ्याच्या यंत्रात बसतच नाही. माणसाच्या लक्षात राहील यावर विसंबून राहिलेले नाहीत.

आता संगणकाकडे येतो. डीबग या शब्दातला 'बग' म्हणजे किडा. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्ड मार्क दोन या यंत्रात खरोखरीचा पतंग सापडला आणि तो वहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. पण शब्द त्याहून जुना आहे. एडिसनने १८७८ च्या एका पत्रात यंत्रातल्या बारीक खोडींना 'बग' म्हटलेलं आहे, आणि एडिसन तरुणपणी काय होता? तारबाबू! टायरचं यंत्र आणि एडिसनचं पत्र एकाच वर्षीचं, हा निव्वळ योगायोग, पण मला लिहून ठेवावासा वाटला.

डीबगरांमध्ये आज सर्वांना ठाऊक असलेलं एक नाव म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी ते १९८६ मध्ये लिहिलं. दूरच्या यंत्राशी बोलण्यासाठी त्याची एक भाषा आहे. पुतणीने ती मला कागदावर लिहून दाखवली, आणि मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. प्रत्येक निरोप डॉलरच्या चिन्हाने सुरू होतो, हॅशच्या चिन्हाने संपतो, आणि हॅशनंतर दोन अक्षरांत बेरीज येते. निरोपातल्या प्रत्येक अक्षराला एक किंमत, सगळ्यांची बेरीज, तिला २५६ ने भागून उरलेली बाकी. निकालपत्रकाच्या तळाला आम्ही बेरीज लिहायचो ती अशासाठीच की वरचा एखादा आकडा चुकला तर तळाशी कळावं. शेवटच्या डब्याची पाटी ती हीच! निरोप पुरा आला का, मधला डबा रानात तर राहिला नाही? बेरीज जुळली तर पलीकडचा अधिकचं चिन्ह पाठवतो, नाही जुळली तर उण्याचं, आणि मग तोच निरोप पुन्हा. तार भरवशाची असेल तर दोघांनी आधी ठरवून ही अधिक-उण्याची देवघेव बंद करता येते. पण आधी ठरवून.

यात दोन गोष्टी मला विशेष वाटल्या. पहिली, जीडीबीने एखादी आज्ञा दिली आणि पलीकडच्याला ती कळतच नसेल, तर तो रिकामा निरोप पाठवतो. डॉलर, मध्ये काही नाही, हॅश, बेरीज शून्य. याचा अर्थ, मला हे येत नाही. गप्प बसणं वेगळं आणि 'येत नाही' म्हणणं वेगळं. चाळीस मुलांच्या वर्गात उभं राहून "सर, हे मला नाही येत" म्हणणारा मुलगा मला नेहमी आवडला. मान डोलावणारे घात करतात.

दुसरी गोष्ट. प्रोग्राम सुटलेला आहे, धावतो आहे, आणि त्याला तातडीने थांबवायचं आहे. त्यासाठी डॉलर नाही, हॅश नाही, बेरीज नाही. तीन या किमतीचं एकच अक्षर, सुटं. सगळ्या व्याकरणाच्या बाहेर. मी मास्तरसाहेबांना हे सांगितलं तर त्यांनी टेबलावर बोटाने सहा वेळा टकटक केलं. सहा ठोके म्हणजे धोका, तुकड्यात अडथळा, गाडी सोडू नका. हे कोणी विचारल्यावर द्यायचं उत्तर नव्हे. हे ज्याला दिसलं त्याने आपण होऊन वाजवायचं, आणि ऐकणाऱ्याने हातातलं टाकून आधी हे ऐकायचं.

याच्यानंतरच्या प्रोटोकॉलांत खासगी नंबरही सापडतो. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा व्हिज्युअल स्टुडिओ कोड हा संपादक आला. त्याच्यासाठी वाढवलेल्या डीबग अडॅप्टर प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक निरोपाला क्रमांक असतो, आणि उत्तरात तो कोणत्या प्रश्नाचा आहे त्याचा क्रमांक लिहावाच लागतो. बोलणं सुरू होतानाच दोन्ही बाजू आपल्याला काय काय येतं ते सांगून टाकतात. जावा भाषेच्या डीबग प्रोटोकॉलमध्ये आधी १४ अक्षरांचा ठरलेला नमस्कार जातो आणि तोच नमस्कार जसाच्या तसा परत यावा लागतो. एक ठोका, त्याला एक ठोका.

हे लिहिणाऱ्यांनी आमच्या स्टेशनात येऊन पाहिलं होतं असं मला म्हणायचं नाही. अडचण एकच असली की शहाणी माणसं साधारण त्याच जागी पोहोचतात, इतकंच.

आता पुतणीच्या अवजाराचं वेगळेपण. तिचं अवजार 'स्क्रिप्ट' घेतं. म्हणजे प्रश्न माणूस एकेक करून विचारत नाही, आधीच लिहून ठेवतो. "या ओळीला आलास की थांब, अमुक आकडा पाहा, शून्याखाली असेल तर मला सांग, नाहीतर पुढे जा." असं रात्रभर, लाखो वेळा. जीडीबीलाही २००९ पासून पायथन भाषेत अशा सूचना देता येतात. मला वाटलं, माणूस गेला की चुका कमी होतील. ती म्हणाली, उलट. माणसाला उत्तर विचित्र आलं की शंका येते, तो थांबतो, पुन्हा विचारतो. स्क्रिप्टला शंका येत नाही. जुनं उत्तर नव्या प्रश्नाला चिकटलं तरी ती तशीच पुढे पळते. म्हणून माणसाची शंका जिथे होती, तिथे काहीतरी नियम लिहून ठेवावा लागतो. थॉर्पच्या रात्रीनंतर टायरने सही काढून यंत्र बसवलं ते याच कारणासाठी असावं, असं माझं मत.

पण एका ठिकाणी रेल्वे आणि संगणक यांची वाट फुटते, आणि तिथेच ती दिवाळीपासून अडून बसली होती. प्रोग्राम थांबवलेला आहे, तपासणी चालू आहे, आणि मध्येच तार तुटली. आता? रेल्वेचं उत्तर ठरलेलं. संशय आला की थांबा. उभी गाडी कोणाला मारत नाही. पण थांबलेला प्रोग्राम मारू शकतो! तो बँकेचा असेल, दवाखान्याचा असेल, त्याच्यापुढे हजार माणसं रांगेत असतील. विचारणाराच नाहीसा झाला म्हणून त्याने जन्मभर उभं राहायचं का? सोडून द्यावं, तर तपासणाऱ्याने अर्धवट केलेले बदल पोटात घेऊनच तो पळणार. इतरांनी काय केलं तेही तिने सांगितलं. जावाच्या प्रोटोकॉलमध्ये निरोप घेण्याची एक आज्ञा आहे, ती मिळाली की थांबवून ठेवलेलं सगळं सोडून द्यायचं. मायक्रोसॉफ्टच्या प्रोटोकॉलमध्ये निरोप घेताना सांगता येतं की प्रोग्राम बंद करायचा की तसाच थांबलेला ठेवायचा. पण हे झालं निरोप घेऊन गेल्यावर. न सांगता गेला तर?

दिवाळीत ती इकडे होती तेव्हा मी तिला मास्तरसाहेबांकडे घेऊन गेलो. माझ्या डोक्यात होतं की ते म्हणतील, थांबून राहा, विषय संपला. तसं झालं नाही. ते म्हणाले, "बाई, तार तुटली, फोन बंद, काहीच चालत नाही, म्हणून गाड्या कायमच्या उभ्या ठेवल्या असं कधी झालं का? त्याचाही नियम आहे."

नियम असा. एकेरी मार्गावर दोन स्टेशनांमधली बोलण्याची सगळी साधनं बंद पडली, तर एक सुटं इंजिन किंवा मोटर ट्रॉली, नाहीतर असंच काही, पुढे पाठवायचं. त्याच्याबरोबर माणूस, आणि माणसाजवळ कागद, त्यावर लाइन क्लिअरचा प्रश्न लिहिलेला. वेग दिवसा ताशी १५ किलोमीटरपर्यंतच, आणि रात्री किंवा पुढचं नीट दिसत नसेल तेव्हा १०. समोरूनही असंच कोणी येत असेल हे धरून चालायचं, कारण पलीकडच्या मास्तरनेही हाच नियम वाचलेला आहे. पलीकडे पोहोचल्यावर त्या मास्तरकडून लेखी उत्तर घ्यायचं आणि तेच घेऊन परत यायचं. मग पुढची गाडी.

पुतणीने वही काढली होती. तिने विचारलं, "काका, पण हे साधनं बंद पडल्यावर लगेच करायचं, की काही वेळ वाट पाहून?"

मास्तरसाहेब म्हणाले की आधी बाकीची साधनं एकेक करून पाहायची, कोणतं आधी आणि कोणतं नंतर हेही लिहिलेलं असतं, आणि कोणी काय केलं ते वहीत वेळेसकट टिपायचं. मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते तासभर चाललं. किती वेळ वाट पाहायची, हळू पुढे सरकणारा प्रोग्राम कसा असेल, परत जोडणी झाल्यावर आधी कोणी बोलायचं, आणि मधल्या वेळात काय झालं ते कोणी टिपून ठेवायचं. अर्धं मला कळलं नाही. मास्तरीणबाईंनी दोनदा चहा केला. निघताना पुतणीच्या वहीत एक चित्र होतं, दोन चौकोन, मध्ये तुटलेली रेघ, आणि त्या रेघेवर एक छोटी ट्रॉली काढलेली.